मोठ्या रिसॉर्टला वीकेंड काढताय? आधी मधली पिशवी भरा

यादी करायला बसलं की सगळे कपड्यांपासून सुरू करतात, मी आता घड्याळापासून करते. बहुतेक ठिकाणी चेक-इन दुपारी 2 नाहीतर 3 ला, चेक-आउट 11 ते 12 च्या मधे. म्हणजे एका रात्रीसाठी गेलात तर रूम तुमच्या हातात जेमतेम 20-22 तास, आणि आपण मात्र सकाळीच पोचून लॉबीत उभे. त्या आधीच्या आणि नंतरच्या बिनरूमच्या वेळेतच सगळी भांडणं होतात (आमच्याकडे तरी).

गेल्या वेळी हेच झालं. 11 ला पोचलो, सामान बेल डेस्कला (सामान सांभाळणाऱ्या काउंटरला) दिलं, टोकन घेतलं, आणि पोरांना समोर पूल दिसला. पोहायचे कपडे कुठे, तर मोठ्या बॅगेच्या तळाशी. मग काय, बॅग परत मागवली आणि त्या झुंबराखाली, चकचकीत संगमरवरावर ती उघडून मी बसले, बाजूला नवऱ्याच्या पायजम्याची नाडी लोंबतेय आणि सासूबाई दुसऱ्याच कोणाबरोबर आल्यासारख्या कारंज्याकडे बघतायत. तेव्हापासून या मधल्या, बिनरूमच्या वेळेसाठी एक मधली पिशवी वेगळी भरायचीच. त्यात सगळ्यांचे पोहायचे कपडे, एकेक सुका जोड, ओले कपडे घालायला प्लास्टिकची पिशवी, चपला, औषधं, चार्जर, मुलांना कोरडा खाऊ, आणि ओळखपत्रं, कारण काउंटरवर बहुतेक वेळा प्रत्येक मोठ्या माणसाचं मागतात. पोहायचे कपडे नायलॉन-लायक्राचेच घ्या हां, कॉटनचा टीशर्ट घालून बऱ्याच ठिकाणी उतरू देत नाहीत, सुताचे धागे सुटून फिल्टरमधे अडकतात म्हणून.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी एक फोन हॉटेलला करा, मेल नको, फोन. विचारायचं काय तर लवकर रूम मिळेल का, नाही मिळाली तर पूल आणि चेंजिंग रूम वापरता येईल का, आणि चेक-आउटनंतर सामान ठेवून संध्याकाळपर्यंत आवारात थांबू देता का. दोन रूम घेतल्या असतील तर ‘कनेक्टिंग’ हवी असं स्पष्ट सांगा, कारण त्यात आतून दार असतं, नुसती ‘शेजारची’ म्हटलं की दारं वेगवेगळी आणि रात्री मूल आजीकडे जायचं म्हणालं की कॉरिडॉरमधून वरात. बरोबर आजी-आजोबा असतील तर लिफ्टजवळची रूम मागा. या मोठ्या जागांमधे रूमपासून नाश्त्याच्या हॉलपर्यंतच दहा मिनिटं चालणं होतं, आणि तेही गुडघे दुखत असताना. आवारात फिरायला बग्गी असते का तेही त्याच फोनवर विचारून टाका.

पैशाचं एक महत्त्वाचं. चेक-इनला हॉटेल कार्डावर थोडी जास्तीची रक्कम अडकवून ठेवतं, मिनीबार (रूममधला खाण्यापिण्याचा छोटा फ्रिज), रूम सर्विस वगैरेसाठी, आणि चेक-आउट झालं तरी ती सुटायला काही दिवस जाऊ शकतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खात्यातून वापरताच येत नाहीत आणि नेमके शॉपिंगच्या काउंटरवर आपण तोंड पाडून उभे. त्यामुळे हॉटेलला एक कार्ड, खरेदीला दुसरं. आणि मिनीबारला उगाच हात लावू नका, काही ठिकाणी सेन्सर असतो, बाटली नुसती उचलून बघितली तरी बिलात येते.

शॉपिंगची तयारी घरीच होते खरं तर. मुलांची पावलं कागदावर ठेवून पेन्सिलने आखून घ्या, कागद पाकिटात, म्हणजे मूल पूलमधे असलं तरी बूट बघता येतात. स्वतःसाठी बूट-चपला मात्र संध्याकाळी घाला, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा बसले ते बसले. पडदा, चादर, असलं काही घ्यायचं मनात असेल तर मापं फोनमधे टाकून न्या, अंदाजाने आणलेलं नंतर कपाटात पडून राहतं. हॉटेलच्या आतली दुकानं बघायला छान, पण पहिल्या दिवशी नुसतं बघा, बाहेर फिरून या, आणि तरीही डोक्यातून गेलं नाही तरच घ्या. बिलं एका लिफाफ्यात, टॅग घरी परत घालून बघेपर्यंत काढायचे नाहीत. जाताना मोठ्या बॅगेत एक घडीची रिकामी बॅग टाकाच. गाडी ठेवलीत की खांबाचा नंबर फोटोत घ्या, हातात सहा पिशव्या घेऊन तळघरात गाडी शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

बाकी कपडे मी फार नेत नाही, शाम्पू-टॉवेल तिथे असतात, एसी कडक असतो म्हणून प्रत्येकाला एक पातळ स्वेटर, आणि रात्रीच्या जेवणाला एक बरा जोड कारण काही रेस्टॉरंटमधे चप्पल-हाफ पँट चालत नाही. रूमचं कार्ड एक जास्तीचं मागून घ्या, भिंतीतल्या खाचेत एक घातलेलं असतं त्यावरच लाइट-एसी चालतात, ते काढून कोणी खाली गेलं की वर अंधार. रूम नंबर बहुतेक कार्डावर नसतो, कार्ड ज्या कागदी पाकिटात देतात त्यावर असतो, तर ते पाकीट आणि कार्ड एकत्र ठेवू नका, हरवलं तर ज्याला सापडेल त्याला रूमही कळते.

निघताना लॉकर, बाथरूमच्या दारामागचा हुक, पलंगाशेजारचं सॉकेट, एवढ्या तीन जागा बघा. चौथी जागा आम्हाला माहीतच नव्हती. धाकट्याचा पांढरा ससा पांढऱ्या चादरीत गुंडाळला जाऊन थेट लॉन्ड्रीला गेला, आम्ही चेक-आउट करून लॉबीत, हा रडतोय, शेवटी तासाभराने एक मुलगा तो घेऊन आला, धुतलेला, अजून गरम. आता रात्री झोपायला लाल हत्ती नेतो.