नागद्वारला मित्रांची टोळी घेऊन निघालात? या चुका टाळा

जुलै लागला की नागपुरातल्या दर दुसऱ्या पानठेल्यावर मध्य प्रदेशातल्या पचमढीजवळच्या नागद्वार गुहांच्या यात्रेचे बेत शिजायला लागतात. बेत ठरलेला असतो: शुक्रवारी ड्युटी सुटली की निघायचं, रात्रभर गाडी हाणायची, पहाटे चढायला लागायचं, रात्री परत, रविवारी झोप. "होऊन जाते ना भाऊ, त्यात काय!" असं म्हणणारा सहसा पहिल्यांदाच जात असतो.

सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा हा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. छिंदवाड्यापर्यंत कोणीही गाडी नेईल. पुढचा तामियाकडचा घाट मात्र रात्री दोन वाजता, पावसात, धुक्यात, दिवसभर ऑफिसात घासलेल्या माणसानं चालवायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. मागचे घोरत असतात आणि चालवणाऱ्याशी बोलायला कोणी जागं नसतं. वरून न झोपलेली ही मंडळी सकाळी थेट डोंगराला भिडतात आणि दुपारपर्यंत एकमेकांवर खेकसायला लागतात. मी छिंदवाड्याला मुक्काम करतो. वाटेतल्या जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन उजेडी होतं, घाटही उजेडी होतो. एक दिवस जास्त लागतो, लागू द्या. ज्याला सुट्टी मिळत नाही त्यानं पुढच्या वर्षी यावं, देव तिथंच आहे. गाडी नको असेल तर इटारसीवरून रेल्वेनं पिपरिया आणि तिथून बसनं पचमढी, हाही मार्ग चांगला आहे.

तारखेचा घोळ तर दरवर्षीचा. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ही वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आधीच्या साधारण दहा दिवसांसाठी उघडते. मागच्या वर्षीची तारीख धरून तिकिटं काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. २०२५ मध्ये नागपंचमी २९ जुलैला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १७ ऑगस्टला. आणि "श्रावण लागला की जाऊ" म्हणाल तर अर्धी यात्रा हातची गेली. तिकडचा श्रावण गुरुपौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपला अमावस्येनंतर.

दुसरा गैरसमज पचमढीच्याच चौरागडच्या महादेवाला जाणाऱ्यांचा. महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेला माणूस नागद्वारलाही पायऱ्याच शोधतो. इथं पायवाट सुरू होते त्या जलगलीपासून पुढं चिखल, मुळ्या, शेवाळलेले दगड, ओढे आणि मधेमधे लोखंडी शिड्या आहेत. अंतर कोणी बारा किलोमीटर सांगतं, कोणी सोळा. मी विचारणं सोडलं आहे, कारण पावसात ते कितीही असलं तरी दिवस जातोच.

आता खरं दुखणं. ते म्हणजे टोळी फुटणं.

प्रत्येक टोळीत दोन जण असे असतात ज्यांना आपण जिममध्ये जातो हे डोंगराला दाखवायचं असतं. आमच्याबरोबर एका वर्षी असेच दोघं होते. त्यातला एक बँकेत कामाला, म्हणून वर्गणीचे सगळे पैसे त्याच्याच कमरेला. एका नागमोडी चढावर यांनी वळणं सोडून सरळ वर जाणारी पायवाट धरली. "तुम्ही या हळूहळू बे, आम्ही वर थांबतो." ते वर निघाले खरे, पण दुसऱ्याच वाटेवर. तिथं त्यांना वाटलं आपण मागे राहिलो, म्हणून ते धावत सुटले. इकडं आम्हाला वाटलं ते पुढं थांबले असतील, म्हणून आम्हीही थांबलो नाही. थोड्या वेळानं आमच्यातला एक वयस्क काका गुडघा धरून बसला, म्हणून आम्ही थांबलो. म्हणजे पुढचे पळताहेत, मागचे बसलेत आणि दोघांनाही खात्री की दुसरा पुढं आहे. हाक मारून उपयोग नाही. "हर बोला हर हर महादेव"च्या गजरात तुमची हाक कोण ऐकणार?

फोन? दरीत टॉवर नाही. काकाला पिपाणीएवढ्या आवाजात शिव्या सुचत होत्या, पण गुडघ्याला बांधायला पट्टी विकत घ्यायची तर खिशात नोट नाही. सगळ्यांचा भरवसा मोबाइलवरून पैसे देण्यावर. जंगलात ते चालत नाही, हे माणसाला जंगलातच कळतं. दुकानदारानं पट्टी उधार दिली आणि म्हणाला, "भाऊ, दरवर्षी दहा जणं येतात असे." पोटाची चिंता नव्हती, कारण नागपूरच्या आणि विदर्भातल्या मंडळांचे भंडारे वाटेभर असतात. पुरी-भाजी, खिचडी कोणीही हात धरून वाढतं. आमचे पैलवान मात्र नागद्वारच्या पद्मशेष गुहेच्या रांगेत आमची वाट पाहत दोनदा उभे राहिले आणि अंधार पडल्यावर जलगलीला भेटले. चेहरा असा की चूक आमचीच!

तेव्हापासूनचा माझा नियम टोळीला आवडत नाही, तरी मी बदलत नाही. सगळ्यात हळू चालणारा पुढं, जिमवाला सगळ्यात मागं. फाटा दिसला की थांबायचं, शेवटचा आल्याशिवाय कोणी हलायचं नाही. नोटा प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात, छोट्या प्लास्टिकच्या पन्नीत बांधून. त्याच पन्नीत कागदाची चिठ्ठी, तिच्यावर दोन जणांचे नंबर आणि मुक्कामाचा पत्ता, कारण फोन बंद पडला की आजकाल बायकोचा नंबरही कोणाला आठवत नाही. चुकामूक झालीच तर शोधत फिरायचं नाही, जलगलीला येऊन बसायचं.

आणि ती सरळ वर जाणारी पायवाट धरूच नका. पावसाळ्यात वळणावळणानं गेलेली वाट निदान हजारो पायांनी दाबलेली असते. मधून काढलेली वाट म्हणजे पाणी उतरायची जागा. चढताना कशीबशी जमते, उतरताना माणूस बुडावरच खाली येतो.

ओढ्याला पाणी चढलं तर थांबा. डोंगरातले हे नाले लहान असतात, पाऊस आला की झटक्यात फुगतात आणि थांबला की उतरतातही. अर्धा तास बसायची तयारी नसलेले लोक हातात हात धरून साखळी करतात आणि एकाचा पाय सुटला की पाचही जण ओले होतात, ते नशीब चांगलं असेल तर.

जीन्स घालू नका, भिजली की पायात दगड बांधल्यासारखी होते. नवे बूट यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. शिडीवर सेल्फी नाही, मागं रांग खोळंबते आणि शिव्या माझ्याकडून पडतील. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात, म्हणून काठी आधीपासून हातात असू द्या. मीठ-साखर सोबत ठेवा. भिजलेल्या माणसालाही पाणी कमी पडतं. पन्न्या जंगलात टाकायच्या नाहीत, आणल्या तशा परत न्यायच्या.

राहिली दारूची बाटली. टोळीत एखादा तरी ती बॅगेत लपवून आणतोच आणि "थंडी असते भाऊ वर" असं कारणही तयार ठेवतो. त्याला मी सावनेरलाच उतरवतो. तिथून नागपूरची बस सहज मिळते.