सर्राचा स्मिअर बघताना या चुका टाळा

येऊरच्या पायथ्याकडच्या एका कुत्रीचं रक्त माझ्याकडे तपासायला आलं होतं. ताप येऊन-जाऊन, मागचे पाय सुजलेले, एका डोळ्यावर निळसर साय. मी एकच स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा पातळ थर, पाहिला आणि ‘निगेटिव्ह’ लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा नमुना आला, तेव्हा थेंबभर रक्तात सर्रा या आजाराचे परजीवी, ट्रिपॅनोसोमा, वळवळत होते. मधले चार दिवस तिला गोचीडतापाचीच औषधं चालू होती. ते दिवस माझ्या रिपोर्टमुळे गेले.

तेव्हा एका स्लाइडवर विसंबू नका. सर्राचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, अंगावरचं प्रथिनांचं आवरण बदलत राहतो. शरीराने एक आवरण ओळखून बहुतेकांना मारलं, की वेगळ्या आवरणाचे उरलेले वाढू लागतात. म्हणून रक्तातली संख्या चढते, उतरते आणि तापही तसाच. ताप चढलेला असतानाच रक्त घ्या. काही दिसलं नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्या. केशनळी फिरवून लाल पेशींवर जमणारा पांढुरका थर, म्हणजे बफी कोट, पाहिलात तर कमी संख्येतले परजीवीही हाती लागतात.

नमुना शिळा होऊ देऊ नका. मुरबाडहून रात्री घेतलेलं रक्त दुसऱ्या दुपारी ठाण्यात पोचलं, तर ओल्या थेंबात हालचाल दिसेलच असं नाही. शक्य असेल तर थेंबावर कव्हरस्लिप ठेवून तिथल्या तिथे बघा. परजीवी दिसण्याआधी लाल पेशी ढकलल्यासारख्या हलताना दिसतात.

आपल्याकडच्या जुलैत तर स्मिअर वाळतच नाही. ओलसर स्मिअर पेशी पक्क्या करायच्या मिथेनॉलमध्ये गेला की लाल पेशींत चमकदार ठिपके उमटतात आणि नवशिके त्याला बॅबेसिया, म्हणजे लाल पेशींतला गोचीडतापाचा परजीवी, म्हणतात. पंख्याखाली पूर्ण वाळवा, मिथेनॉलची बाटली उघडी ठेवू नका, ते हवेतली ओल शोषतं. उघड्यावरचा स्मिअर माश्या-मुंग्या खातात, हेही लक्षात असू द्या.

एक सापडलं म्हणून शोध थांबवू नका. ऑस्ट्रेलियात वॉयली नावाचा छोटा पिशवीधारी प्राणी आहे. 1999 ते 2006 दरम्यान त्याची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घटली आणि त्यामागच्या संशयितांत ट्रिपॅनोसोमा कोपेमनी होता. एकाच वॉयलीच्या रक्तात ट्रिपॅनोसोमाच्या दोन जाती सापडल्या आहेत. त्यातला व्हेग्रँडिस 10 मायक्रॉनहूनही लहान, आपल्या इव्हान्सीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे सहज निसटतो. आपल्या कुत्र्यांतही सर्रासोबत एर्लिकिया, म्हणजे गोचिडांतून येणारा जंतू, असू शकतो.

डोळ्यात फूल पडलं म्हणून नुसते थेंब घालत बसू नका, रक्त तपासा. बॅबेसियावरचं औषध डिमिनॅझिन सर्रावरही चालतं, पण मेंदूत नीट पोचत नाही आणि आजार उलटू शकतो. उपचारानंतरही स्मिअर बघा.

आणि हातमोजे. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन या परजीवीला मारतं. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यात ते नव्हतं, त्याला 2004 मध्ये सर्रा झाला होता.