मिक्सरचे बटण नुसतेच फिरू लागले तर

जुन्या मिक्सरचे बटण गरगर फिरते, पण वेग बदलत नाही, अशा वेळी बहुधा आतला स्विच शाबूत असतो आणि बटणामागची, स्विचच्या दांड्यावर बसणारी प्लास्टिकची नळी तेवढी उभी चिरलेली असते. आधी प्लग काढावा. बटण सरळ ओढून काढावे, नळी पुसून चीर बोटांनी मिटवावी, तिच्यावर जाड सुती दोऱ्याचे आठ-दहा वेढे घट्ट घ्यावेत आणि दोऱ्यात मुरेल इतपत इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा गोंद) लावून रात्रभर वाळू द्यावे. नळीच्या आत मात्र थेंबही उतरू देऊ नये, नाहीतर दांड्याची सपाट बाजू तिथे बसणारच नाही. दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरण्याचा मोह विजेच्या उपकरणात कटाक्षाने टाळावा. गॅसच्या शेगडीला हा उपाय करू नये. तिथे नवेच बटण आणावे.