एका क्रिप्टो वॉलेटमध्ये अनेक नेटवर्क वापरताना या चुका टाळा

वॉलेट उघडल्यावर शिल्लक शून्य दिसली की पहिला संशय चोरीचाच येतो. पुष्कळदा पैसे जागेवरच असतात, वॉलेट तेवढं दुसऱ्या नेटवर्कवर उघडलेलं असतं. वॉलेटमध्ये नाणी नसतात, असते ती किल्ली, म्हणजे पैसे हलवण्याचा गुप्त कोड. शिल्लक त्या त्या ब्लॉकचेनच्या, म्हणजे नेटवर्कच्या, वहीत लिहिलेली असते. इथेरियम, बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम आणि बेस या सगळ्यांवर तुमचा पत्ता अक्षर न् अक्षर तोच असतो, पण वह्या वेगवेगळ्या. इथेरियमवर जमा झालेलं टोकन (नेटवर्कवर काढलेलं डिजिटल नाणं) बेसच्या वहीत कसं सापडणार?

त्यामुळे घाबरून काही करण्याआधी आपला पत्ता एक्सप्लोररवर, म्हणजे ती वही उघडून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून बघा. इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, असे प्रत्येक नेटवर्कचे एक्सप्लोरर ठरलेले आहेत. तिथे टोकन दिसतंय पण वॉलेटमध्ये दिसत नाही, तर ते हाताने जोडावं लागतं. जोडताना कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमचा, पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. नावावर विसंबू नका, कारण 'यूएसडीटी' (डॉलरशी बांधलेलं प्रचलित नाणं) या नावाचं टोकन कुणीही पाच मिनिटांत काढू शकतो.

चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेले पैसे

ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा 'शून्य-एक्स'ने. या दोघांची सरमिसळ वॉलेट सहसा होऊच देत नाही. खरा धोका आहे तो पत्ता सारखाच दिसतो तिथे. समजा, तुम्ही इथेरियमऐवजी पॉलिगॉनवरून पाठवलंत. पैसे तुमच्याच साध्या वॉलेटवर गेले असतील तर नेटवर्क बदला, ते तिथेच आहेत. एक्सचेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या) पत्त्यावर गेले असतील तर किल्ली त्यांच्याकडे आहे. व्यवहाराचा हॅश (एक्सप्लोररवर दिसणारा ओळख क्रमांक) देऊन त्यांच्या अधिकृत मदत केंद्राला लिहायचं आणि वाट बघायची. ते नेटवर्क त्यांच्याकडे चालत नसेल, तर ते नकारही देऊ शकतात.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम या नेटवर्कच्या फाउंडेशनने विंटरम्यूट या कंपनीला त्या नेटवर्कवरच आपले २ कोटी ओपी टोकन पाठवले. कंपनीने दिलेला पत्ता इथेरियमवरच्या मल्टिसिग वॉलेटचा, म्हणजे अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटचा, होता. असं वॉलेट म्हणजे मुळात एक कॉन्ट्रॅक्ट, आणि ऑप्टिमिझमवर ते तयारच केलेलं नव्हतं. तिसऱ्याच कुणीतरी तिथे त्याच पत्त्यावर आधी कॉन्ट्रॅक्ट उभं केलं आणि टोकन त्याच्या ताब्यात गेले. त्यातले १.७ कोटी नंतर परत मिळाले, पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. मोठी रक्कम पाठवण्याआधी चाचणीचे व्यवहार झाले होते आणि ते पोचल्याचं कंपनीने कळवलंही होतं. म्हणजे नुसतं 'पोचलं' पुरेसं नाही. आधी थोडी रक्कम पाठवा आणि ती त्या पत्त्यावरून पुन्हा बाहेर पाठवता येते का, हेही करून बघा. दोन व्यवहारांची फी जाईल, जाऊ द्या.

एक्सआरपी किंवा स्टेलरचं नाणं एक्सचेंजवर पाठवताना टॅग किंवा मेमो (तुमचं खातं ओळखण्याचा क्रमांक) विसरू नका. तो नसेल तर रक्कम पोचते, पण कुणाच्या खात्यात जमा करायची हे त्यांना कळत नाही.

गॅस नाही म्हणून अडकलेली रक्कम

ट्रॉनवर यूएसडीटी आहे पण टीआरएक्स नाही, अशी अडचण नवख्यांना हमखास येते. व्यवहाराची फी, म्हणजेच गॅस, त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यातच लागते: बीएनबी चेनवर बीएनबी, पॉलिगॉनवर पीओएल. आर्बिट्रम आणि बेसवर ईथ (इथेरियमचं नाणं) लागतं, पण ते त्याच नेटवर्कवर असावं लागतं. इथेरियमवरचं ईथ तिथे कामाला येत नाही. म्हणून प्रत्येक नेटवर्कवर चार-सहा व्यवहारांपुरतं नाणं कायम ठेवा.

याच अडचणीचा फायदा घेणारा एक सापळा आहे. कुणीतरी अनोळखी माणूस भोळेपणाचा आव आणून आपली सीड फ्रेज (ज्यातून वॉलेटच्या किल्ल्या निघतात ते शब्द) तुम्हाला देतो. त्या वॉलेटमध्ये यूएसडीटी असतो, गॅस मात्र नसतो. तो यूएसडीटी काढायला तुम्ही गॅस पाठवलात की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) क्षणात तो गॅस उचलून नेतो.

ब्रिजवरची घाई

ब्रिज म्हणजे एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर रक्कम नेणारी सेवा. ऑप्टिमिझम किंवा आर्बिट्रमच्या अधिकृत ब्रिजने इथेरियमवर परत यायला साधारण ७ दिवस लागतात. त्या व्यवस्थेत हरकत घेण्यासाठी तेवढी मुदत ठेवलेली आहे, त्यामुळे पैसे बुडाले असं समजू नका. मुदत संपल्यावर रक्कम स्वतः 'क्लेम' करावी लागते, हे मात्र बरेच जण विसरतात. ब्रिजवरून आलेलं टोकन मूळ टोकनासारखंच असतं असंही नाही. पॉलिगॉन आणि आर्बिट्रमवर यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं मूळ टोकन) आणि यूएसडीसी-डॉट-ई (त्याचं ब्रिजवरून आलेलं रूप) ही दोन वेगळी टोकन आहेत. एक्सचेंजवर टाकण्याआधी त्यांना कोणतं चालतं ते तपासा. मोठी रक्कम ब्रिजमधून आलेल्या टोकनांत दीर्घकाळ ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजमधून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली, ती वापरकर्त्यांची काहीही चूक नसताना.

जुन्या परवानग्या आणि जुने पत्ते

संकेतस्थळावरून वॉलेट 'डिस्कनेक्ट' केलं म्हणजे तुमची टोकन हलवण्याची दिलेली परवानगी, म्हणजे अप्रूव्हल, रद्द होत नाही. अप्रूव्हल कॉन्ट्रॅक्टमध्ये नोंदलेलं राहतं, तेही प्रत्येक नेटवर्कवर स्वतंत्र. इथेरियमवरचं रद्द केलंत तरी बीएनबी चेनवरचं उघडंच असतं. वापरलेल्या प्रत्येक नेटवर्कवर जाऊन ते रद्द करा.

पत्ता व्यवहारांच्या यादीतून कधीच उचलू नका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखी असलेला खोटा पत्ता तयार करून चोर त्याची नोंद तुमच्या यादीत घुसवतात. मे २०२४ मध्ये अशाच एका पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं टोकन) गेले. पूर्ण पत्ता ताडून बघा, मधली अक्षरंसुद्धा.

सीड फ्रेज बरोबर, तरी वॉलेट रिकामं

१२ किंवा २४ शब्दांच्या एकाच फ्रेजमधून सगळ्या नेटवर्कच्या किल्ल्या निघतात. ती फुटली तर सगळीच नेटवर्क एकदम जातात, म्हणून साठवणुकीच्या रकमेसाठी वेगळी फ्रेज आणि हार्डवेअर वॉलेट (किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं उपकरण) ठेवा. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तीच फ्रेज टाकल्यावर अनोळखी पत्ता दिसला तर फ्रेज चुकली असं लगेच धरू नका. किल्ली काढण्याचा मार्ग, म्हणजे डेरिव्हेशन पाथ, अ‍ॅपगणिक वेगळा असू शकतो; सोलानावर हे विशेष जाणवतं. सेटिंगमध्ये दुसरा पाथ निवडा किंवा मूळ अ‍ॅपमध्येच फ्रेज टाका, जुना पत्ता पुन्हा दिसेल. तोवर कोणत्याही 'रिकव्हरी' संकेतस्थळावर ते शब्द टाकू नका.