डिझर्टेशनच्या या चुका टाळा: आधी भरलेले फॉर्म वाचा

एमए मानसशास्त्राची डिझर्टेशनं दर वर्षी टेबलावर येऊन पडतात. विषय बदलतात, मोबाइलचं व्यसन, परीक्षेचा ताण, स्व-आदर. चुका मात्र त्याच. कारण एकच, सगळ्यांना एसपीएसएस, म्हणजे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, उघडायची घाई. भरलेला फॉर्म हातात घेऊन कोणी वाचत नाही.

माझी 'आवडती' चूक म्हणजे उलट विधानं तशीच बेरजेत घेणं. रोझेनबर्गची स्व-आदर मापनी (१९६५) मुलांची लाडकी, विधानं दहाच ना! त्यातली २, ५, ६, ८ आणि ९ उलट आहेत. 'मी स्वतःवर समाधानी आहे' याला 'पूर्ण सहमत' म्हटलं तर चार गुण, 'कधी कधी मी निरुपयोगी आहे असं वाटतं' याला म्हटलं तर एक. म्हणजे उलट विधानाचा आकडा पाचातून वजा करायचा. एवढंच काम.

एका मुलीने ते केलं नाही. क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, आला उणे. ती काय करणार? अल्फा वर येईपर्यंत एकेक विधान काढत गेली. उरली पाच, सगळी सरळ. वर 'पाश्चात्त्य मापनी भारतीय संस्कृतीला लागू पडत नाही' यावर दोन पानं खरडलेली. मी म्हटलं, गठ्ठ्यातले दहा फॉर्म आण. पहिल्याच फॉर्मवर 'समाधानी'ला ४, म्हणजे पूर्ण सहमत, आणि 'निरुपयोगी'ला १, म्हणजे पूर्ण असहमत. त्या बिचाऱ्याने अगदी सुसंगत उत्तरं दिली होती! वजाबाकी केली, अल्फा ताळ्यावर आला.

तरी आठवं विधान अडलंच. ते बऱ्याच भाषांतरांत अडतं. मूळ रोख 'मला स्वतःबद्दल पुरेसा आदर नाही' असा खंतीचा. हिचं मराठी, 'मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे.' आमच्या शिपाईकाकांना वाचायला दिलं तर म्हणाले, "चांगलंच आहे की, कोणाला नको?" आणि हेच वाक्य परत इंग्रजीत नेलं की हुबेहूब मूळ वाक्य मिळतं, त्यामुळे उलट भाषांतराची परीक्षा ते आरामात पास होतं. म्हणून मी प्रत्येक विधान पाच-सहा जणांना वाचायला देते आणि विचारते, "यातून तुम्हाला काय कळलं?" एक दुपार जाते. जाऊ दे.

आता किरकोळ. अल्फा ०.७ च्या वर गेला म्हणजे मापनी सप्रमाण झाली, म्हणजे जे मोजायचं तेच मोजते, असं लिहू नका. घरातलं दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ रोज इमानेइतबारे दहा मिनिटं पुढेच असतं. आपल्याच बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून शीर्षकात 'महाराष्ट्रातील तरुण' कशाला? वर्गशिक्षक समोर उभे असताना घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. आणि निकाल बघून गृहीतक लिहिलंत तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पकडले जाल, निदान माझ्या तरी.

पीएचक्यू-९ चं, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या मापनीचं, मात्र हसण्यावारी नेत नाही. त्यातला नववा प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले, असा आहे. एका मुलाने बाहेरच्या कॉलेजात फॉर्म भरून घेतले. नावं घेतली नाहीत, गोपनीयता म्हणून. गठ्ठा बॅगेत. तीन आठवड्यांनी आकडे भरताना त्याचा फोन, "मॅडम, एका फॉर्मवर नवव्याला ३ आहे." ३ म्हणजे जवळजवळ रोज. कोणाचा फॉर्म? माहीत नाही. आम्ही जाऊन अख्ख्या वर्गाशी बोललो, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहिला. तो फॉर्म कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून माझ्या मुलांच्या फॉर्मवर सांकेतिक क्रमांक असतो, नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात. पाकीट कधी उघडलं जाईल हे संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. फॉर्म परत घेताना नववा प्रश्न तिथेच बघायचा आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बसलेला हवा. समुपदेशक मिळत नसेल तर ती मापनी वापरायची नाही. यावर हमखास उत्तर येतं, "पण मॅडम, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झालाय." मग नवा लिहून परत मंजूर करून घ्या.