जुन्या रेडिओचा गँग कंडेन्सर घेण्यापूर्वी

जळगाव-धुळ्याच्या भंगारात मिळणाऱ्या जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर म्हणजे स्टेशन लावायला नॉबने फिरवायचा कपॅसिटर; त्याच्या स्थिर आणि दांड्यावर फिरणाऱ्या पत्र्यांमध्ये हवाच डायलेक्ट्रिक, म्हणजे विद्युतरोधक थर, असते. हवेत ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही, म्हणून ट्यूनिंगला तो उत्तमच. पॉवर सप्लायच्या फिल्टरला मात्र निरुपयोगी. मीडियम वेव्हसाठी ५०० पिकोफॅरडचा निवडा, त्याच्या जोडीची कॉइल साधारण १८० मायक्रोहेन्री.

घेताना मल्टिमीटर बझरवर ठेवा. कॉइलची तार आधी सोडवा, नाहीतर तीच शॉर्ट दाखवेल. एक प्रोब फ्रेमला, दुसरा स्थिर पत्र्यांच्या टॅगला लावून दांडा सावकाश फिरवा. मध्येच बीप झाला, तर तिथे पत्रे टेकताहेत किंवा धातूचा कण अडकलाय.

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापूस जिनिंगचा तंतू पत्र्यांत बसतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पत्र्यांमधली विजेची गळती वाढते. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पत्र्यांना तेल कधीच नको. खरखर बहुतेकदा दांड्यावरच्या स्प्रिंग कॉन्टॅक्टची असते, तो आधी पुसा.

बसवताना स्क्रू आखूडच घ्या. लांब स्क्रू आत घुसून पत्रे वाकवतो, आणि चांगला गँग बसवतानाच हकनाक जातो. फ्रेम ग्राउंडला जोडा, म्हणजे नॉबला हात लागताच स्टेशन सरकणार नाही.