घरची दुरुस्ती स्वतः करताय? या चुका टाळा

होळी झाली की आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडे सज्जावरचे कूलर खाली उतरतात आणि वायरमन फोन उचलेनासा होतो. त्याचाही इलाज नाही, आसपासची सगळी गावं त्याच्याच गळ्यात. मग घरोघरी पेचकस निघतात. निघू द्या. शेतातला फवारणी पंप आपण बांधावर बसून खोलतोच की. नडते ती घाई.

कूलरची मोटर गुणगुणते पण फिरत नाही, ही दरवर्षीची तक्रार. पहिली चूक म्हणजे लगेच नवी मोटर आणणं. आधी प्लग काढा आणि पातं हातानं फिरवून पाहा. अडखळलं तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, जाम आहे, साफ करून दोन थेंब तेल द्या. सहज फिरलं तर बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला धक्का देणारी छोटी डबी, गेलेला असतो, आणि तो मोटरच्या मानानं फारच स्वस्त. दुकानात जाताना जुना सोबत न्या. त्यावर 2.5 किंवा 4 असा जो एमएफडीचा, म्हणजे कंडेन्सरच्या क्षमतेचा, आकडा असेल, तोच नवा घ्या. ‘मोठा टाकला की हवा जोरात येते’ हे ऐकू नका, मोटर तापून जळते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट राहू शकतो, त्याच्या दोन्ही वायरी उघड्या हातानं धरायच्या नाहीत.

पाण्याचा पंप बंद पडला तर आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, नव्वद टक्के दोष पाण्याचा, असं मी तरी धरून चालतो. पंपाचं झाकण काढा, आतल्या छोट्या पंख्यावर पांढरा थर बसलेला दिसेल. जुन्या टूथब्रशनं घासा, झालं. पण पंपाची वायर कमी पडली म्हणून टाकीतच जोड मारून वर काळी टेप गुंडाळणं, ही चूक जिवावर बेतते. पाण्यात टेप टिकत नाही. जोड टाकीच्या बाहेर, उंचावर घ्या.

आता माझीच गोष्ट सांगतो. काकू म्हणाल्या, “काहून रे, कूलरले हात लावला का मुंग्या येतात?” मी म्हटलं, चप्पल घालून पाणी टाकत जा. चार दिवसांनी प्लग उघडला तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर कापून आत दुमडलेली. कापणारा मीच. आदल्या वर्षी तिसरी पिन बोर्डात बसत नव्हती, म्हणून. अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरला चप्पल हा उपाय नव्हे. पाणी टाकताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी न्यूट्रलवरच बसवलेलं असतं, मग ते बंद केलं तरी कूलरमध्ये करंट राहतोच. अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधू नका. पाइप प्लास्टिकचा असेल तर ती फुकट, लोखंडी असेल तर नळाला हात लावणाऱ्याला झटका. काळ्या मातीतला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी टाका.

आणखी एक समज म्हणजे एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) आहे, आता भीती नाही. एमसीबी जपते वायरला. माणसासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा खटका, लागते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. 16 अँपिअरची एमसीबी सारखी पडते म्हणून 32 ची बसवणारे महाभाग आहेत. त्यानं एमसीबी पडायची थांबते आणि भिंतीतली वायर तापायला लागते. बोर्ड, अर्थिंग, नवी वायरिंग ही कामं परवानाधारक वायरमनचीच. मीटरच्या पलीकडे, खांबाकडे तर त्यानंही हात लावायचा नाही. 1912 वर फोन करून महावितरणला कळवा.

नळाचं वायसर आपलं आपण बदला. टेफलॉन टेप आट्याच्या दिशेनंच गुंडाळा, आणि प्लास्टिकची फिटिंग पान्ह्यानं फार आवळू नका, ती तडकते.

भिंतीच्या भेगेचं मात्र वेगळं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि भिंत तिच्यासोबत हलते. मे महिन्यात सिमेंटनं ठासून भरलेली भेग श्रावणात पोपडा होऊन पडते. भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारा, तारीख लिहा, वर्षभर पाहा. केसाएवढीच राहिली तर पुट्टी तुमची तुम्ही भरा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून रुंदावत असेल तर इंजिनियरला दाखवा.

वानरांनी फोडलेली कवेलू, म्हणजे कौलं, घरच्या घरी फेरता येतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र थेट पाय देऊ नका, खाली मजबूत फळी घ्या.

शेवटी मिस्त्री आलाच, तर चहाच्या निमित्तानं आत जाऊन बसू नका. टॉर्च धरून बाजूला उभे राहा, कुठली वायर कुठं गेली ते विचारा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. आणि बदललेला जुना सामान मागून घ्या. आमच्याकडे गोळ्यांच्या डब्यात तीन कंडेन्सर आहेत, पैकी एक चांगला निघाला.